कमरेचा कसा ते सहीचा कागद : परमुलखात प्रवाशाने पैसा कसा राखला

आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, हा इतिहास कधीपासून झाला? हे तर सहल कंपनीच्या सूचनापत्रकात असतं. पासपोर्ट सांभाळा, पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, वगैरे. बरोबर आहे. पण ते पत्रक ज्या गोष्टींवर उभं आहे, त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाचा तरी खिसा कापला गेल्यावर सुचलेली आहे. आपल्या हातात आज जे कार्ड आहे, त्याच्या मागे चारशे वर्षांची चोर-सावाची कुस्ती आहे. ती आज थोडी उलगडून बघू.

आधी आपल्याच शब्दांकडे पाहू, कारण शब्दांनी बरंच जपून ठेवलेलं असतं. 'खिसा' हा शब्द फारसीतून आला. मूळ 'कीसा' म्हणजे पिशवी, थैली. म्हणजे कपड्याला शिवलेला कप्पा हा अर्थ नंतरचा. आधी ती अंगाला अडकवलेली थैलीच. आपल्याकडे धोतराच्या निऱ्यांशेजारी कनवट होती, लुगड्याच्या पदराला गाठ होती, बटवा होता, आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या कमरेला कापडाचा लांबट कसा होता. त्यात नाणी भरून तो अंगाभोवती गुंडाळायचा आणि वरून अंगरखा घालायचा. आज विमानतळावर पोटावर बांधायचा जो पट्टा मिळतो ना, तो म्हणजे कसाच. आणि 'चोरखिसा' हा शब्द बघा. चोरापासून लपवायचा खिसा, पण नाव चोराचं!

इंग्लंडमध्येही हेच झालं. तिथं सोळाव्या शतकापर्यंत माणसं पैशाची थैली कमरेच्या पट्ट्याला दोरीनं लटकवत. चोरानं चाकू चालवायचा, दोरी कापायची आणि गर्दीत नाहीसं व्हायचं. म्हणून तिथला चोर थैलीकापू, आणि आपला खिसेकापू. पुढं पुरुषांच्या विजारीत खिसे शिवले जाऊ लागले, तसा चाकू मागं पडून बोटं पुढं आली. या बदलाच्या नेमक्या मधल्या काळातला एक सुरेख पुरावा आपल्याकडे आहे.

१५८५ साली लंडन शहराचा न्यायाधिकारी विल्यम फ्लीटवुड यानं राणी एलिझाबेथचा मंत्री लॉर्ड बर्ली याला एक पत्र लिहिलं. त्यात त्यानं नुकत्याच सापडलेल्या एका 'शाळे'ची हकिकत कळवली. बिलिंग्जगेटजवळ वॉटन नावाचा एक माणूस मुलांना खिसे मारायला शिकवत होता. हा वॉटन एकेकाळी बरा व्यापारी होता, मग त्यानं दारूचा गुत्ता काढला, आणि शेवटी ही शाळा. शिकवण्याची पद्धत ऐका. एक खिसा आणि एक थैली अशा दोन वस्तू टांगलेल्या. खिशात मोजणीच्या चकत्या, थैलीत चांदीचं नाणं. दोन्हींना बारीक घंटा बांधलेल्या. घंटा न वाजवता जो खिशातून चकती काढील त्याला एक पदवी, आणि जो थैलीतून नाणं काढील त्याला दुसरी, वरची. म्हणजे रीतसर परीक्षाच! त्या दोन टांगलेल्या वस्तूंमध्ये आपल्याला तो संक्रमणाचा काळ दिसतो. थैली अजून गेलेली नाही, खिसा आलेला आहे, आणि गुरुजींनी अभ्यासक्रम दोन्हींचा ठेवला आहे. शिंपी एक पाऊल पुढं गेला की चोर लगेच मागोमाग. पुढं दीडशे-अडीचशे वर्षं हा पाठलाग चालू राहिला.

डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये म्हातारा फेगिन मुलांकडून रुमाल काढण्याचा सराव करून घेतो, ते बहुतेकांना आठवत असेल. ती कल्पना अडीचशे वर्षं जुनी होती, एवढंच आम्हाला सुचवायचं आहे. बाकी त्या रुमालाचंही आपल्याशी नातं आहे. लंडनमधल्या चोरांना आवडणारा रेशमी 'बंदाना' रुमाल मुळात बंगालचा. नावही आपल्या 'बांधणी'च्या कुळातलं. पण तो विषय वेगळा, त्यावर बोलत बसलो तर आजची वेळ संपेल.

आता इशाऱ्यांकडे येऊ. 'पाकीटमारांपासून सावध' ही पाटी आपण स्टेशनवर, देवळाच्या रांगेत, पॅरिसच्या मेट्रोत सगळीकडे वाचतो. पाटी वाचली की माणूस काय करतो? हात आपोआप खिशाकडे जातो. पाकीट आहे ना, हे तो चाचपून बघतो. आणि शेजारी उभा असलेला चोर, तोही तेच बघत असतो! अनेक पोलीस आणि अनेक प्रवासी हे सांगतात. पण ही गंमत १६१४ साली रंगभूमीवर येऊन गेली आहे. बेन जॉन्सनच्या 'बार्थोलोम्यू फेअर' या नाटकात जत्रेत एक गायक खिसेकापूंपासून सावध राहा असं गाणं गातो. एक श्रीमंत, भोळसट तरुण ते ऐकून खूश होतो, आपली थैली सगळ्यांना दाखवून फुशारकी मारतो, आणि गाणं चालू असतानाच थैली जाते. चोर त्याच्या कानाला गवताची काडी लावतो. तो कान खाजवायला हात वर करतो, झालं काम. गायक आणि चोर आतून एकच. आज रोममध्ये कुणी तुमच्या खांद्यावर काही सांडवतं आणि दुसरा कुणी पुसायला धावतो, त्यात आणि त्या काडीत फरक काय? चोराला पैशापेक्षा आधी आपलं लक्ष चोरावं लागतं. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत न बदललेला भाग आहे.

परक्या मुलखात आलेला माणूस त्यातल्या त्यात सोपा. तो बघायलाच आलेला असतो. १७७५ साली रशियाचा काउंट ऑर्लोव्ह लंडनमध्ये होता. हा साधा माणूस नव्हे. सम्राज्ञी कॅथरीनच्या एकेकाळच्या अगदी जवळच्या वर्तुळातला. कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात त्याच्या अंगावरची हिरेजडित तपकिरीची डबी जॉर्ज बॅरिंग्टन नावाच्या खिसेकापूनं काढली. त्या डबीची किंमत तेव्हा तीस हजार पौंड सांगितली गेली. बॅरिंग्टन पकडला गेला, डबी परत मिळाली, पण ऑर्लोव्हनं खटला भरला नाही आणि बॅरिंग्टन सुटला. का भरला नसेल? परदेशी माणसाला परक्या शहरात कोर्टाच्या फेऱ्या नको असतात. त्याला पुढच्या मुक्कामाला जायचं असतं. आजही पर्यटकाचा खिसा मारणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. साक्षीदाराचं परतीचं तिकीट काढलेलं आहे!

बॅरिंग्टनची पुढची कथा मजेची आहे. तो सभ्य पोशाखात, चांगल्या इंग्रजीत बोलत वावरायचा. १७९० साली एका शर्यतीच्या मैदानावर सोन्याचं घड्याळ चोरल्याबद्दल त्याला सात वर्षं काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाची, शिक्षा झाली. तिथं त्याला लवकरच माफी मिळाली आणि १७९६ मध्ये तो पॅरामॅटा इथं चक्क मुख्य कॉन्स्टेबल झाला.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी इंग्लंडात खिसा मारला तर फाशी होती ना? होती. १५६५ च्या कायद्यानं खिसेकापूची पळवाट बंद केली. त्याआधी पुष्कळ गुन्हेगार धर्मग्रंथातला एक उतारा वाचून दाखवून पहिल्या गुन्ह्याला फाशी टाळत. खिसेकापूला ती सवलत नाही, असं ठरलं. मात्र चोरी एक शिलिंगाच्या वर, म्हणजे बारा पेन्सच्या वर असली पाहिजे. मग काय झालं असेल? ज्यूरीतली माणसं काही राक्षस नव्हती. समोर पंधरा वर्षांचा पोरगा उभा. त्यानं काढलेला रुमाल उघड उघड दोन शिलिंगांचा. ज्यूरी सांगायची, किंमत दहा पेन्स. पोरगा फाशीतून वाचायचा. कायदा जितका कडक तितकी शिक्षा होण्याची खात्री कमी. सॅम्युअल रोमिली या कायदेपंडितानं हेच संसदेत मांडलं आणि १८०८ साली खिसा मारण्याची फाशी रद्द करून घेतली. त्यानंतर खटले वाढले, तेव्हा विरोधक म्हणाले, बघा, चोऱ्या वाढल्या! रोमिलीचं उत्तर होतं की चोऱ्या नव्हे, तक्रारी वाढल्या. पोराचा जीव जाणार नाही म्हटल्यावर लोक चोराला कोर्टात उभं करायला तयार झाले.

ती बारा पेन्सची रेघ आज कुठं आहे, सांगू? स्पेनमध्ये चारशे युरोंपाशी. चारशेच्या आतली साधी चोरी तिथं किरकोळ गुन्हा ठरते, बहुधा दंडावर निभावते. वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये कायदा कडक केला गेला, पण रेघ आहेच. बार्सिलोनात आपल्या माणसाचं पाकीट गेलं आणि पोलीस फारसे हलले नाहीत असं वाटलं, तर त्याचं एक कारण इथं सापडतं.

आता आमचा आवडता माणूस. फाइन्स मॉरिसन. केंब्रिजमध्ये शिकलेला, १५९१ ते १५९७ या काळात युरोपभर आणि पुढं जेरुसलेमपर्यंत फिरलेला इंग्रज. त्याचं जाडजूड प्रवासवर्णन १६१७ साली छापलं गेलं. १५९५ मध्ये तो फ्रान्समध्ये मेट्झहून शालोंच्या वाटेनं निघाला होता. धर्मयुद्धं ओसरत आली होती, आणि पगार नसलेले सुटे सैनिक रस्त्यांवर लूटमार करत होते. मॉरिसननं काय केलं? काही सोन्याची नाणी आतल्या कपड्याच्या अस्तरात शिवली. सोळा नाणी एका लाकडी डबीच्या तळाशी ठेवून वर खरजेचं घाणेरडं, वास मारणारं मलम थापलं. आणखी सहा नाणी कापडात गुंडाळून त्यावर रंगीत दोरा गुंडाळला आणि त्यात सुया टोचून ठेवल्या. बघणाऱ्याला वाटावं, हा बिचारा स्वतःचे कपडे स्वतःच शिवतो.

आणि खरंच वाटेत गाठलं त्याला. लुटारूंनी अस्तर फाडलं, तिथलं सोनं घेतलं, अंगावरचे चांगले कपडे घेतले, तलवार घेतली. डबी उघडली, हुंगली आणि फेकून दिली. दोऱ्याच्या गुंड्याकडे कुणी बघितलंही नाही. मॉरिसन डबी उचलून पॅरिसच्या रस्त्याला लागला.

इथं थोडं थांबू या. मॉरिसनची युक्ती लपवण्याची आहे, पण निव्वळ लपवण्याची नाही. लुटणाऱ्याला काहीतरी सापडू दिलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं. अस्तरातलं सोनं मिळालं म्हणून ते पुढं शोधत बसले नाहीत. आजही काही अनुभवी प्रवासी थोडे पैसे असलेलं जुनं पाकीट सहज सापडेल असं ठेवतात. मात्र या सगळ्या युक्त्यांत एक मूलभूत अडचण आहे. सोनं हे सोनंच. ज्याच्या हाती लागलं त्याचं झालं. आपल्या गोडसे भटजींचंच बघा. वरसईहून १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि वाटेवर मिळवलेलं बहुतेक सगळं गमावून गंगेची कावड घेऊन घरी परतले. 'माझा प्रवास' वाचताना जाणवतं की चांदीचे रुपये अंगावर बाळगणारा माणूस त्या काळी चालती तिजोरी होता, आणि ती किल्लीशिवाय उघडत होती.

मग उपाय काय? पैसा असा करायचा की तो चोराच्या हाती लागला तरी चोराचा होऊ नये. याचं एक उत्तर आपल्या सराफांकडे फार पूर्वीपासून होतं. हुंडी. त्यातही शाहाजोग हुंडी. तिचे पैसे कुणाही रस्त्यावरच्या माणसाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहाच्या हातूनच ती वटवायची. म्हणजे चोरानं हुंडी पळवली तरी त्याला आधी एक शाहा पटवावा लागे, आणि उद्या घोटाळा निघाला तर तो शाहा सापडतच होता. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, ती 'पेठ'. तीही गेली तर तिसरी, ती 'परपेठ'. हरवलेल्या पैशाची नक्कल देणारी ही व्यवस्था होती, मंडळी! आणि आपण आज 'काय शहाजोगपणा करतोस' म्हणतो तो शब्द याच कुळातला. पतदार माणसाचं विशेषण घसरत घसरत शिवीच्या शेजारी येऊन बसलं.

युरोपात पतपत्रं होती, पण ती ठरावीक शहरातल्या ठरावीक सावकारावर काढलेली. वाट बदलली की पंचाईत. १७७२ साली रॉबर्ट हेरिस या लंडनच्या सावकारानं फिरत्या नोटा काढल्या. ठरावीक रकमेच्या, आणि युरोपातल्या नव्वदेक शहरांत कुठंही वटणाऱ्या. पुढं या नोटांबरोबर एक वेगळं ओळखपत्र देत. त्या पत्रावर प्रवाशाची सही. नोट वटवताना सावकारासमोर सही करायची आणि ती पत्रावरच्या सहीशी ताडून बघायची. म्हणून सूचना अशी की नोटा एका ठिकाणी ठेवा आणि पत्र दुसऱ्या ठिकाणी. चोराला नुसत्या नोटा मिळाल्या, कागद. नुसतं पत्र मिळालं, तोही कागद. दोन्ही एकाच पाकिटात ठेवणारे शहाणे तेव्हाही असणार. आज कार्डाच्या मागं पिन लिहून ठेवणारे आहेतच की!

थॉमस कुकनं १८७४ मध्ये सहलीच्या गिऱ्हाइकांसाठी अशाच नोटा काढल्या. १८८१ मध्ये त्यांची कचेरी मुंबईतही आली. आणि १८९१ साली अमेरिकन एक्सप्रेसनं ते दोन कागद एकावर आणले. कंपनीचा प्रमुख जेम्स फार्गो युरोपात फिरून वैतागून परतला होता; मोठी शहरं सोडली तर त्याच्या पतपत्राला कुणी विचारत नव्हतं. मार्सेलस बेरी या कर्मचाऱ्यानं तोड काढली. धनादेश घेतानाच प्रवाशानं वरच्या बाजूला सही करायची. वटवताना, समोरच्याच्या डोळ्यांदेखत, खाली दुसरी. दोन सह्या जुळल्या की पैसे. हरवला तर भरपाई. ऑगस्ट १८९१ मध्ये लाइपझिगच्या एका हॉटेलात तो पहिल्यांदा वटला. इथं बँकेचाही संबंध नाही. हॉटेलचा कारकून दोन सह्या बघतो आणि पैसे देतो. प्रवासी चेकचं सगळं सामर्थ्य त्या रिकाम्या दुसऱ्या ओळीत होतं. दोन्ही सह्या आधीच करून ठेवल्या तर तो पुन्हा सोन्याचं नाणं झाला, ज्याच्या हाती त्याचा.

आपल्याकडच्या प्रवाशाचा प्रश्न बराच काळ वेगळा होता. सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या सामान्य माणसाला सरकार हातात आठ डॉलर देई. आठ! त्या पिढीला पाकीटमाराची भीती कशी वाटणार? त्यांची खरी संपत्ती म्हणजे पासपोर्ट, तिकीट आणि ज्याच्याकडे उतरायचं त्या नातलगाचा पत्ता. आज एका वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बाहेर नेता येते, आणि म्हणूनच पोटावरच्या पट्ट्यांची जाहिरात आपल्याला दिसते.

आता या विषयातली एक बोचरी बाजू. सावध राहा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणापासून? आणि तिथं गर्दीत एक चेहरा शोधला जातो. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. रेल्वेतल्या चोऱ्यांसाठी पोलिसांच्या पुस्तकांत भामटे, उचले अशा अख्ख्या जमातींची वर्णनं छापली गेली. त्यांचा वेश, त्यांची सांकेतिक भाषा, त्यांची चाल. गुन्हा एकाचा, नोंद जन्मलेल्या प्रत्येकाची. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण जमातीचं नाव मात्र मराठीत फसवणाऱ्या माणसासाठी सामान्यनाम होऊन बसलं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं तेव्हा त्या नावाच्या आत राहणं कसं असतं, हे अनेकांनी पहिल्यांदा वाचलं.

युरोपात हीच गोष्ट रोमा लोकांची. १५३० साली इंग्लंडनं त्यांना देशाबाहेर काढण्याचा कायदा केला, आणि त्यांना म्हटलं 'ईजिप्शियन', कारण ते ईजिप्तहून आले असा समज होता. ते आले होते आपल्या बाजूनं. अठराव्या शतकात अभ्यासकांनी त्यांची भाषा तपासली तेव्हा हे उलगडलं. रोमानी भाषेत दोनला 'दुइ' म्हणतात, तीनला 'त्रिन', पाण्याला 'पानि'. चोरालाही 'चोर'च म्हणतात. आपल्या सहलीच्या बसमध्ये वाटाड्या माइकवरून सांगतो, त्या घागऱ्यावाल्या बायांपासून लांब राहा. आणि आपण, ज्यांच्या आजोबांच्या गावात एखाद्या पालावर पोलीस दर आठवड्याला हजेरी घेत होते, आपण माना डोलावतो. त्या टोळ्यांत चोर नसतात असं आम्ही म्हणत नाही. पण टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये ज्यानं सूट घातलाय आणि हातात वर्तमानपत्र धरलंय, त्याच्याकडे कुणीच बघत नाही. बॅरिंग्टननं याच गोष्टीवर पंधरा वर्षं पोट भरलं.

वेळ होत आली. चिठ्ठ्या आल्या आहेत, पहिली वाचतो. 'पासपोर्ट हॉटेलात ठेवावा की जवळ?' काही देशांत परक्या माणसाला ओळख पटवणारा कागद जवळ ठेवावाच लागतो, ते आधी विचारून घ्या. बाकी हेरिसची सूचना इथंही चालते. मूळ पासपोर्ट एका जागी, त्याची छायाप्रत आणि दोन फोटो दुसऱ्या जागी, आणि सहप्रवाशाच्या सामानात आपली आणखी एक प्रत. वकिलातीत नवीन कागद मागायला गेलात की ती प्रत पेठेसारखी कामाला येते. हं, पुढची चिठ्ठी द्या.